थांब, परत घे

६ जानेवारी

ताई,

वर 'तीर्थरूप' वगैरे काही घातलं नाही. घातलं असतं तर तू म्हणाली असतीस, तीन वर्षांनी पत्र आलं आणि पहिला शब्दच उसना. म्हणून नुसतं ताई. पाया पडतो, ते समजून घे.

आधी फोन करून पाहिला. चार वेळा केला. चारही वेळा भाऊजींनी उचलला आणि चारही वेळा तू झोपलेली होतीस. एकदा तर सकाळचे दहा वाजले होते. शेवटच्या वेळी भाऊजींच्या मागून "गॅस बारीक करा" असा तुझा आवाज आला. भाऊजी म्हणाले, "झोपेत बोलते ती." त्यांना माझा नमस्कार सांग. भाऊजींना खोटं बोलता येत नाही, तरी बिचारे तुझ्यासाठी बोलतात.

कारण असं, की आपल्या वाचनघराला येत्या एकवीस फेब्रुवारीला पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. बाकी सगळं तू सोडून गेलीस तसंच आहे. वाचायच्या खोलीच्या भिंतींना आवाज अडवायला ठोकलेल्या त्याच जुन्या गाद्या, तीच मधली काच, आणि पंखा लावला की तोच खरखराट. त्यामुळे वाचणारे अजूनही घाम पुसत वाचतात. परवा एका नव्या वाचकाला काम समजावत होतो. म्हटलं, "ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आपण पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. तुम्ही काचेच्या आत बसून वाचायचं. काचेबाहेर तपासणारा माणूस तेच पुस्तक हातात धरून ऐकतो. चूक झाली की तो माइकवरून थांबवतो, तुम्ही ते वाक्य परत घ्यायचं. यंत्र चालूच राहतं. मग मी चूक आणि ते थांबवणं, दोन्ही कापून टाकतो." तो म्हणाला, "तपासणारा कुठंय?" मी म्हटलं, "सध्या मीच." तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

विनोद नाही. तू गेल्यापासून आमची दैना आहे. मागच्या वर्षी पोस्टमनकाकांनी एका रहस्यकथेची दोन पानं एकदम उलटली आणि माझ्या लक्षातच आलं नाही. खुनी सापडला, पण कसा सापडला ते कुणालाच कळेना. अठ्ठावीस जणांचे फोन आले. काका म्हणाले, "निवृत्त झाल्यावर एक पाकीट चुकलं तर एवढा गहजब!"

तर मुद्दा. कार्यक्रम आभाराचा आहे. तीन वर्षांपूर्वीच्या तसल्याच कार्यक्रमात सगळ्यांची नावं वाचली गेली आणि तुझं नाव राहून गेलं. यादी प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला 'वाचन अमुक तमुक' असं जे सांगतो, त्यावरून केली होती. तपासणाऱ्याचं नाव तिथे नसतंच. अठरा वर्षं तू प्रत्येक पुस्तक ऐकलंस, आणि तुझं नाव एकाही पुस्तकात नाही. ही चूक कधीतरी दुरुस्त व्हायला हवी होती.

तू ये. एवढंच.

तुझा
धांदल्या

(हे नाव तूच ठेवलंस. गावच्या शाळेत गुरुजींनीही तेच चालवलं. आता पन्नाशी आली तरी पोस्टमनकाका त्याच नावाने हाक मारतात.)


१९ जानेवारी

ताई,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी रोज टपालाच्या पेटीत हात घालतोय. तुझी भावजय म्हणाली, "पेटीला तळ आहे, अजून खाली जाणार नाही हात."

पण आज वेगळ्या कारणाने लिहितोय. परवा वाचनघरात एक वकीलबाई आल्या. पस्तिशीच्या असतील. हातात पांढरी काठी, खांद्याला जड पिशवी. त्यांना जन्मापासून दिसत नाही. आपल्या जुन्या ऐकणाऱ्यांपैकी आहेत. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "काका, ती बाई कोण?"

"कोणती बाई?"

"प्रश्नाला प्रश्न नको. तुमच्या पुस्तकांत मधेच एक बाई बोलते. ती कोण?"

त्यांनी पिशवीतून ठिपक्यांच्या लिपीतला कागद काढला आणि बोटांनी वाचायला लागल्या. ताई, त्या लोकांनी यादी केली आहे! माझ्या कापण्यात जिथे जिथे तुझा आवाज सुटून राहिला, ती एकेचाळीस ठिकाणं. एकमेकांना फोन करून सांगतात म्हणे, की अमुक पुस्तक ऐक, सव्वातासावर बाई रागावते. तुझं नाव त्यांनी 'थांबबाई' ठेवलंय.

एकेक वाचून दाखवलं. समुद्रप्रवासाच्या पुस्तकात तू पोस्टमनकाकांना म्हणतेस, "थांब. ओळ गिळलीस. परत घे." हृदयविकाराच्या पुस्तकात नर्सबाईंना, "थांब. पेशंट घाबरेल असं वाचू नकोस." आणि आपले अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात, "थांब. शब्द दात उपटल्यासारखे ओढू नकोस." बाहेर तू सगळ्यांना अहो-जाहो करायचीस आणि काच बंद झाली की सत्तरीच्या माणसालाही अरे-तुरे. ते आता जगजाहीर झालंय. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "तरीच लोक माझ्याकडे येताना हसत येतात."

मग वकीलबाईंनी कागद मिटला. म्हणाल्या, "माझं सगळं शिक्षण तुमच्या पुस्तकांवर झालं, काका. शेवटच्या परीक्षेच्या आधी मी हातपाय गाळून बसले होते. कायद्याचं पुस्तक लावलं, एक अक्षर डोक्यात शिरेना. आणि मधेच ती बाई म्हणाली, 'थांब. श्वास घे. परत घे. घाई कुणाला आहे?' वाचणाऱ्याला म्हणाली असेल. पण मी थांबले. श्वास घेतला. परत घेतलं. आज कोर्टात उभी राहते तेव्हा उलटतपासणीआधी मनात तेच म्हणते."

लगेच त्यांनी पुढचा प्रश्न टाकला.

"गेल्या तीन वर्षांच्या पुस्तकांत ती नाही. वारली का?"

"नाही, नाही! ठणठणीत आहे."

"मग कुठे आहे?"

"तिच्या घरी. लांब राहायला गेली. आणि... भावाशी बोलत नाही."

"भाऊ कोण?"

ताई, कोर्टात या बाईंसमोर उभं राहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. म्हटलं, "मीच."

त्या म्हणाल्या, "अच्छा." वकिलाचा अच्छा फार लांब असतो.

मग त्यांनी त्यांचा बेत सांगितला. ऐकणाऱ्यांनी ठरवलंय, की या वेळी हारतुरे नकोत, भाषणं नकोत. पंचवीस वर्षं तुम्ही वाचलंत, आम्ही ऐकलं. एकवीस तारखेला आम्ही वाचणार आणि तुम्ही सगळे हात बांधून ऐकायचं. एकेक पान, ठिपक्यांच्या पुस्तकातून. "पण," त्या म्हणाल्या, "तपासायला ती बाई हवी. ती नसेल तर आमचं वाचन कच्चं राहील. ती नसेल तर आम्हीही येणार नाही. हे आमच्या सगळ्यांचं ठरलंय."

डॉक्टरांनी हॉल ठरवलाय. खुर्च्या सांगितल्यात. आता सगळा कार्यक्रम तुझ्यावर अडला आहे. तू माझ्यासाठी येऊ नकोस. त्यांच्यासाठी ये.

धांदल्या


२ फेब्रुवारी

ताई,

आज पाकीट आलं. पत्ता तुझ्या अक्षरात. मी तसाच उभ्याउभ्या फोडायला लागलो, तर तुझी भावजय म्हणाली, "बसा. आणि आधी देवाचं नाव घ्या, वाघीण आहे आत." 

आत माझीच दोन्ही पत्रं होती. आणि सोबत तपासणीची चिठ्ठी. वाचनघराचीच, जुनी, पिवळी पडलेली. रकाने तेच: पान, ओळ, काय ऐकू आलं, शेरा. 'ऐकू आलं' खोडून तू 'लिहिलंय' असं केलं आहेस. मी तुझ्या चिठ्ठ्यांवरून अठरा वर्षं कापाकापी केली, पण माझ्या स्वतःच्या मजकुरावर चिठ्ठी पहिल्यांदाच आली.

पहिली नोंद: 'भाऊजींना खोटं बोलता येत नाही.' शेरा: बरोबर.

दुसरी नोंद: 'तुझं नाव राहून गेलं.' शेरा: थांब. परत घे.

बाकी काही नाही. येते असं नाही, येत नाही असंही नाही.

चिठ्ठी मी टेबलावर ठेवली. तुझ्या भावजयीने समोर चहा ठेवला आणि म्हणाली, "काय केलंत तुम्ही?" तिलाही मी 'राहून गेलं' असंच सांगितलं होतं. तिला आज खरं सांगितलं. आता तुला सांगतो. परत घेतो.

तुझं नाव राहून गेलं नव्हतं. मी ते घेतलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी आतल्या खोलीत नर्सबाईंचा माइक नीट करत होतो. त्यांनी विचारलं, "यादीत ताईंचं नाव वरच असेल ना?" मी म्हटलं, "यादी वाचणाऱ्यांची आहे. तिचा आवाज आहे का कुठल्या पुस्तकात? बसून चुका काढायला काय लागतं?" मी वळलो तर यंत्रावरचा लाल दिवा लागलेला. माइक चालू होता. काचेपलीकडे तू कानाला हेडफोन लावून बसली होतीस, मांडीवर पुस्तक. तू मान वर केली नाहीस. पान उलटलंस.

तू ऐकलंस हे मला त्याच क्षणी कळलं. संध्याकाळी बसून मी ते वाक्य रेकॉर्डिंगमधून कापलं. दुसरं काही केलं नाही.

का बोललो, तेही सांगतो. तुला आठवतही नसेल. वाचनघरात आलो त्या पहिल्या वर्षी मलाही वाचायचं होतं. तू काचेबाहेर होतीस. एका पानात चौदा वेळा थांबवलंस. घामाघूम होऊन बाहेर आलो तेव्हा तू सहज म्हणालीस, "तू कापायला बस, तुझा हात चांगला आहे." सगळे हसले, मीही हसलो आणि कापायला बसलो. चौदा आकडा मात्र मनात राहिला. लहानपणी आईची नजर गेल्यावर रोज संध्याकाळी तिला पोथी वाचून दाखवायचो, तेव्हाही तू मागे उभी राहून थांबवायचीस. आई म्हणायची, "थांबवू दे रे, तिच्यामुळे मला सगळं पुरं ऐकायला मिळतं." हे मी विसरलो आणि चौदा लक्षात ठेवले. यादी करताना मनात आलं, आज तू थांब.

आणि एक. मला वाटत होतं कार्यक्रमाला तू येणार नाहीस. तू आलीस. इस्त्रीचे कपडे घालून तिसऱ्या रांगेत बसलीस. शेवटचं नाव वाचून मी कागदाची घडी घातली, तेव्हा तू उठलीस. तू मानासाठी आली नव्हतीस, हे मला फार नंतर कळलं. मी परत घेतो का ते बघायला आली होतीस. अठरा वर्षं तू लोकांना तेवढीच संधी देत आलीस, मलाही दिलीस. 

मी रोज सकाळी देवापुढे बसतो. मागणं काही नसतं. पण ही तीन वर्षं एक वाक्य ओठांपर्यंत येतं आणि मी ते कापून टाकतो. हाताला सवयच तीच. आज कापत नाही.

ताई, चुकलो.


१२ फेब्रुवारी

ताई,

नवी चिठ्ठी आली नाही. म्हणजे मजकूर बरोबर आहे असं समजू, की तू वाचलाच नाहीस असं समजू?

वकीलबाईंना मी खरं सांगितलं, की येते म्हणालेली नाही. त्या म्हणाल्या, "येत नाही असंही म्हणालेली नाही ना? मग पुरावा दोन्हीकडे सारखा." आणि त्यांनी लोकांना यायला सांगितलं. माझ्या जिवात जीव आला, पण त्यांच्या आवाजात काहीतरी शिजत होतं.

इथे नुसता गोंधळ आहे. वाचणाऱ्यांना नुसतं ऐकत बसायची सवय नाही. पोस्टमनकाका विचारतात, "मधे खोकला आला तर चालेल का?" डॉक्टर भाषण लिहून बसले होते, ते नर्सबाईंनी काढून घेतलं. म्हणाल्या, "तोंड बंद ठेवा, आता तुमची पाळी." रोज पेशंटला तोंड उघडा म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची ठेवतोय.


२४ फेब्रुवारी

ताई,

तू होतीस तिथे, तरी लिहितो. तू दारातून पाहिलंस, मी समोरून पाहिलं. शिवाय सुरुवातीला तू दाराबाहेरच होतीस, हे मला मागाहून कळलं. तेव्हा तू नुसतं ऐकलंस.

नावं मीच वाचली. सगळ्यात वर तुझं होतं. वाचलं, टाळ्या झाल्या, ऐकणाऱ्यांनी तर पायही आपटले. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. पुढची नावं कशी वाचली ते मला सांगता येणार नाही.

मग ते वाचायला लागले. एक आजोबा होते, साठाव्या वर्षी नजर गेली, अडुसष्टाव्या वर्षी ही लिपी शिकले. त्यांनी नर्सबाईंसाठी अर्धं पान वाचलं. एकेका शब्दावर बोट अडायचं, पुढे जायचं, मागे यायचं. शेवटचा शब्द झाल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्यासाठी साडेचारशे पानं वाचलीत. मी अर्धं दिलं. बाकीची उधारी." नर्सबाई रडत होत्या आणि हसत होत्या. पोस्टमनकाकांना मी जन्मात पहिल्यांदा सलग वीस मिनिटं गप्प बसलेलं पाहिलं. काचेच्या आत वाचताना समोर कुणी नसतं, ताई. आपण गादी ठोकलेल्या भिंतीला वाचून दाखवतो. ती भिंत त्या दिवशी उठून बोलायला लागली.

सगळ्यात शेवटी वकीलबाई. समुद्रप्रवासाचं पुस्तक त्यांनी मुद्दाम घेतलं होतं, तू दोनदा तपासलेलं. सुरेख वाचत होत्या. बोटं पाण्यावरून फिरल्यासारखी. आणि एके ठिकाणी त्यांनी एक ओळ सोडली. मी ते पुस्तक कापलंय, मला लगेच कळलं. वाटलं, चुकल्या बिचाऱ्या. त्या क्षणभर थांबल्या, मान किंचित तिरकी केली, जणू काही ऐकतायत. हॉल चिडीचूप. त्या पुढे वाचायला लागल्या. चार वाक्यांनंतर त्यांनी आणखी एक ओळ सोडली.

आणि मागून, दाराजवळून आवाज आला.

"थांब. परत घे. दोन ओळी गेल्या."

मला पहिल्यांदा वाटलं, हे रेकॉर्डिंग आहे. मग मी पाहिलं. तू दाराशी उभी, हातात पिशवी, अर्धं पाऊल बाहेर. म्हणजे पहिली ओळ तू सोडून दिली होतीस ना? भरल्या हॉलमध्ये, परक्या बाईला कसं बोलायचं म्हणून? दुसरी काही तुला सोडवली नाही.

त्या वेळची एक गोष्ट तुला तिथून दिसली नसेल. आम्ही डोळे असलेले, कोण बोललं म्हणून माना वळवून इकडे तिकडे शोधत होतो. बाकीचे साठ जण कधीच तुझ्याकडे वळलेले होते. साठही चेहरे अगदी नेमके तुझ्याकडे. आणि सगळे हसत होते. 

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "साक्षीदाराची ओळख पटली." मग जो काही दंगा झाला, तो पंखा लावूनही दबला नसता. तुझ्याभोवती गर्दी झाली. जो तो येऊन म्हणत होता, "मला एकदा थांबवा ना." तू एकेकाला थांबवलंस. डॉक्टर आपणहून रांगेत उभे राहिले.

स्टँडवर तुला सोडायला आलो, तेव्हाचं बोलणं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात ठेवलंय. गाडीला वेळ होता. तू म्हणालीस, "यादी बरी वाचलीस."

मी म्हटलं, "चुका?"

"दोन. नर्सबाईंचं नाव गिळलंस. आणि तुझं स्वतःचं राहिलं."

"राहिलं नाही, ताई. घातलंच नव्हतं. कापणाऱ्याचं नाव कुठे असतं?"

तू खिडकीत बसलीस. पिशवी मांडीवर घेतलीस. गाडी सुटता सुटता म्हणालीस, "मग परत घे."

घेतलं. आज सकाळी देवापुढे बसून उठलो आणि थेट वाचनघरात गेलो. नर्सबाईंचं नवं पुस्तक कालच पूर्ण झालं होतं. त्याची सुरुवात पुसून नवी केली. आधी वाचणाऱ्याचं नाव, मग तपासणाऱ्याचं, म्हणजे तुझं, मग कापणाऱ्याचं. माझं नाव मी माझ्याच आवाजात घेतलं. पाच वेळा घ्यावं लागलं. आता हे असंच चालणार, डॉक्टरांनी मान्य केलंय. त्याचं रेकॉर्डिंग तुला पाठवतोय. छापील प्रतही सोबत आहे, म्हणजे घरी बसून तपासता येईल. भाऊजींना सांग, दुपारी दोन तास तू खरोखरच फोनवर मिळणार नाहीस.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही ठेवलंय. त्यातलं काही कापणार नाही.

पत्र पाठवण्याआधी दोनदा वाचून पाहिलं. मधे मधे चुका सापडल्या. काही दुरुस्त केल्या, काही तशाच ठेवल्या आहेत. सोबत कोऱ्या चिठ्ठ्यांचं एक पुडकं पाठवतोय. पुरवून वापरू नकोस.

तुझा
धांदल्या